बिनहुंकाराचं वाचन

नागपुरात माया नगरारेचा चेहरा ओळखणारे थोडे, पण तिचा आवाज अर्ध्या शहराच्या कानांवरून गेलेला आहे. कुठल्या मैदानात साड्यांचं प्रदर्शन लागलं की ऑटोवर भोंगा बांधून "फक्त रविवारपर्यंत" असं गल्लोगल्ली बजावत जी बाई फिरते, ती माया. एका मोठ्या दवाखान्यात फोन लावला की "कृपया थोडा वेळ थांबा" असं गोड सांगून जी माणसाला ताटकळत ठेवते, तीही मायाच. तिचा नवरा बळीराम मिहानमधल्या एका कंपनीची बस चालवतो. तो म्हणतो, "घरी मले दोन मिनिटं बसू देत नाही, आन् तिकडे साऱ्या नागपूरले थांबवून ठेवते."

माया मूळची पारशिवनीच्या पलीकडची. पेंचच्या कालव्याचं पाणी जिथे एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरत जातं, तिथे तिच्या बापाची थोडी धानाची शेती होती. दुपारची जेवणं उरकली की बाप मोहाच्या सावलीत टेकायचा आणि गोष्ट सांगायचा. त्याचा एकच नियम होता. ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा. राजा शिकारीले गेला. हं. मोठं रान लागलं. हं. रानात एक विहीर होती. हं. हुंकार आला की गोष्ट एक पाऊल पुढे टाकी, हुंकार थांबला की तीही थांबे. एकदा मायाला मधेच झोप लागली. बाप उठून बैलांकडे गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याने नवीच गोष्ट काढली. तो राजा अजून त्याच विहिरीवर तहानलेला उभा आहे, असं माया आजही सांगते.

लग्न होऊन ती नागपूरला नारी रोडवर आली. वस्तीच्या मधोमध विहार आहे, पांढऱ्या चुन्याचं, पुढे पिंपळ. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत तिथे वर्षावासाचं ग्रंथवाचन चालतं. कामंधामं आटोपून बायामाणसं संध्याकाळी जमतात, त्रिशरण होतं, मग एक जण वाचतो आणि बाकीचे ऐकतात. माया आली तेव्हा वामनराव वाचत. रेल्वेतून निवृत्त झालेला ताठ माणूस, आवाज पितळेच्या भांड्यासारखा. पुढे त्यांचा गळा बसला तो बसलाच. एका संध्याकाळी त्यांनी ग्रंथ उघडला, दोन ओळी वाचल्या आणि कोणाला काही न विचारता तो समोर बसलेल्या मायाच्या मांडीवर ठेवला. "वाच बाई," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून ती वाचते. सतरंजीवर पुढच्या रांगेत म्हाताऱ्या असतात, मागे सुना, दाराशी पुरुष. मायाची वाचायची रीत तिथेच घडली. परिच्छेद संपला की ती मान वर करते. पुढच्या रांगेतून "हं" येतं. मग परिच्छेदाची शेवटची ओळ ती पुन्हा एकदा म्हणते, दाराशी बसलेल्यांना नीट पोचावी म्हणून, आणि पुढे जाते. हे तिला कोणी शिकवलं नाही. बापाचा हुंकार तिने गावाहून माहेरच्या भांड्यांसारखा सोबत आणला होता. विहारातला छताचा पंखा फिरताना कुरकुरतो, म्हणून वाचन सुरू झालं की तो बंद करतात. बाया घरून बांबूचे हातपंखे आणतात. ग्रंथाच्या पानांवर तो वारा येत असतो, आणि एका हाताने पान दाबून धरून माया वाचत असते.

त्याच विहारात स्पीकर लावायला आलेल्या एका मंडपवाल्याने तिचा आवाज ऐकला आणि ऑटोच्या भोंग्याचं पहिलं काम दिलं. त्यातून दुसरं आलं, दुसऱ्यातून दवाखाना. लोक तिला व्हॉइस आर्टिस्ट म्हणू लागले. मायाला मात्र मनातून वाटे, ही कामं म्हणजे उखाण्याएवढी. सुरू झाली न झाली तोच संपणारी. एखादं आख्खं पुस्तक आपल्या आवाजात उभं राहावं, अनोळखी माणसाने ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकावं, ही इच्छा तिने बळीरामजवळही फारशी बोलून दाखवली नव्हती.

गेल्या वर्षी वर्षावास अर्ध्यावर आलेला असताना विहंगचा फोन आला. धरमपेठेत सायकलींच्या दुकानाच्या वर त्याचा लहानसा स्टुडिओ आहे. दवाखान्याचं रेकॉर्डिंग त्यानेच केलं होतं.

"ताई, ऑडिओबुक आहे. पुण्याची कंपनी आहे. कन्हान नदीच्या काठावरची कादंबरी आहे, डोंगा चालवणाऱ्या एका ढिवर बाईची. त्यांना इकडच्या मातीतला बाईचा आवाज हवा. येऊन एक प्रकरण वाचून जा."

माया गेली. तिथे आणखी काही बाया आल्या होत्या, कोणी नाटकातल्या, कोणी कॉलेजात शिकवणाऱ्या. एकेक जण आत जाऊन येत होती. मायाची पाळी आली. आतली खोली म्हणजे भिंतींना गाद्या ठोकलेलं कपाट. दार लागलं तसा रस्ता गेला, पंख्याचा आवाज गेला, स्वतःचा श्वास तेवढा कानाशी उरला. काचेपलीकडे विहंग मशीनकडे बघत होता. माया वाचू लागली.

"नदीकडे तोंड करून बसलेलं ते एकच घर होतं, आणि ते पार्बताचं होतं." वाक्य तिला आवडलं. परिच्छेद संपला. तिने मान वर केली. समोर गादी. तिने शेवटची ओळ पुन्हा म्हटली आणि पुढे गेली. दुसरा परिच्छेद संपला. पुन्हा गादी. पाचव्या-सहाव्या परिच्छेदापर्यंत तिचा आवाज उतरला. उंबऱ्यावर उभं राहून हाका मारूनही घरात कोणी नसावं, तसा.

"ताई," विहंगचा आवाज कानातल्या यंत्रातून आला, "प्रत्येक वेळी थांबता काहून? पानी पाहिजे का?"

"मी कुठे थांबली?"

त्याने ऐकवलं. माया ऐकत राहिली. खरंच, प्रत्येक परिच्छेदानंतर एक खड्डा होता, आणि खड्ड्याच्या पलीकडे तीच ओळ पुन्हा. आपण असं वाचतो हे तिला त्या दिवशी कळलं. विहारात तो खड्डा कधी दिसलाच नव्हता. तो कायम भरलेला असायचा.

"मी कापून टाकतो ते," विहंग म्हणाला. "पण ताई, थांबल्यावर तुमचा आवाज दर वेळी खाली बसतो. ते नाही कापता येत."

ती बाहेर आली तेव्हा दुसरी बाई आत जात होती. पन्नाशीची, करड्या केसांचा सैल अंबाडा, सुती साडी. तिचं नाव मधुवंती. महाल या जुन्या पेठेतलं तिचं घर भोसल्यांच्या काळापासूनचं, आणि बँकेतली नोकरी सांभाळून तिने बरीच वर्षं रेडिओवर वाचन केलं होतं. विहंगने बाहेरचा स्पीकर चालू ठेवला होता. तेच प्रकरण, तीच नदी, तेच घर. मधुवंती वाचत होती आणि कुठे सांधा दिसत नव्हता. रहाटाची माळ फिरावी, एक पोहरा रिता होताना दुसरा भरून वर यावा, तसं. मायाने जागेवर बसूनच मनात म्हटलं, बाई वाचते खरी.

खाली चहाच्या टपरीवर दोघींची गाठ पडली.

"तुमचा आवाज मी ओळखते," मधुवंती म्हणाली. "तुम्ही मला दवाखान्यात फोनवर इतकं थांबवून ठेवलं होतं की मी तापातून आपोआप बरी झाले."

माया हसली. "त्यायचे डॉक्टरच कमी आहेत. मी काय करू?"

"आणि विहारात वाचता म्हणे तुम्ही?"

"हौ. बऱ्याच वर्षांपासून."

"लोक समोर असतात?"

"सतरंजीभर."

मधुवंती चहाच्या ग्लासावर फुंकर घालत राहिली. "माझ्यासमोर कधीच कोणी नव्हतं," ती म्हणाली. "रेडिओवरही खोलीच होती. मला समोर माणूस असला की उलट भीती वाटते."

आठवड्याभरात विहंगने कळवलं, कंपनीने दोघींची नावं बाजूला काढली आहेत, माया आणि मधुवंती. खड्डे कापल्यावर मायाचा आवाज त्यांना हवा तसा मातीतला वाटला होता. दोघींनी आणखी एक प्रकरण वाचायचं. त्यावरून ठरेल.

आता हे पुस्तक मायाच्या डोक्यात बसलं. भाजी चिरताना पार्बता, कपडे वाळत घालताना पार्बता. दुसरं प्रकरण जाळ्याचं होतं. पार्बताचा नवरा मेल्यावर ती त्याचं फाटकं जाळं दुरुस्त करायला घेते. विणता विणता तिला एक गाठ लागते, उलटी मारलेली. नवरा डावखुरा होता. ती गाठ ती तशीच ठेवते, तिच्याशेजारी आपली सरळ गाठ मारते. मग अंधारून येतं आणि ती नदीवर गेलेल्या कुत्र्याला हाका मारते. एवढंच प्रकरण.

मायाने घरी सराव मांडला. फोन ताटलीला टेकवून रेकॉर्डिंगवर ठेवला आणि समोर सासूला बसवलं. तुळसाबाईंचे डोळे आता फारसे चालत नाहीत. कान तरण्या पोरीसारखे आहेत. हातात सदा बांबूचा पंखा, त्याला जुन्या लुगड्याची निळी झालर. माया वाचू लागली आणि परिच्छेदापरिच्छेदाला तुळसाबाई ठणठणीत हुंकार देऊ लागल्या. नंतर ऐकलं तर पार्बताच्या घरात कोणी म्हातारी दडून बसल्यासारखी वाटत होती.

"आई, हुंकार देऊ नका. टेप होते ते."

"मंग मी कायले बसली आहो?"

"ऐकाले."

"मुकाट्यानं ऐकू? तू काय मले रागवून राहिली का?" तुळसाबाई पुटपुटल्या, पण गप्प बसल्या. थोड्या वेळाने मायाने मान वर केली तर त्या भिंतीला टेकून घोरत होत्या.

बळीराम दारात बूट काढत म्हणाला, "तुयं वाचन लई शांत आहे, माया. मायले इतकी झोप गोळीनं बी लागत नाही."

त्या संध्याकाळी विहारात मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण झालं, छताचा पंखा बंद झाला. ग्रंथ उघडण्याआधी माया म्हणाली, "बाई हो, आज एक मागणं आहे. आज कोणी हुंकार देऊ नका."

पुढच्या रांगेत चुळबुळ झाली. जिजाबाई ही त्या रांगेतली सगळ्यात जुनी बाई, हुंकारही तिचाच सगळ्यात मोठा. तिने पदर सावरला. "काहून वं? आमच्याकून काही चुकलं का?"

"नाही वं. मले मशीनसमोर वाचाचं आहे. मशीन हुंकार देत नाही. सवय करून राहिली."

"मंग मशीनले कसं समजते, तू कुठवर आली ते?"

"नाही समजत."

"मंग त्याले सांगतंच काहून?"

दाराशी बसलेले वामनराव हसले आणि त्यांना खोकला आला. घोगऱ्या आवाजात ते म्हणाले, "वाच बाई. आम्ही तोंड धरून बसतो."

माया वाचू लागली. पहिला परिच्छेद संपला आणि विहारात अशी शांतता पडली की पिंपळाची पानं ऐकू आली. शेवटची ओळ पुन्हा म्हणायला तिची जीभ उचलली गेली होती. ती तिने आवरली. पुढे गेली. हातात काठी नसताना उतार उतरावा तसं वाटत होतं. सवयीने तिने मान वर केली, आणि कानाला काही मिळेना म्हणून ती डोळ्यांनी बघू लागली.

इतकी वर्षं तिने त्या बायांना पाहिलंच नव्हतं. तिने त्यांना ऐकलं होतं. आज तिला दिसलं, की एका वाक्याच्या ऐन मधे, जिथे हुंकाराचं काही काम नव्हतं, जिजाबाईने डोळे मिटलेले असताना दणदणीत "हं" म्हटलं. रांग हसली. कोणीतरी कोपराने ढोसलं. जिजाबाई दचकून म्हणाली, "जागीच आहो मी." ती जागी नव्हती. ती झोपेत हुंकार देत होती, आणि शेजारच्या बाया सांगू लागल्या की ती कायमच देते. मायाही हसली, पण आतून काहीतरी निसटलं. ज्या हुंकाराच्या भरवशावर ती इतकी वर्षं परिच्छेदामागून परिच्छेद ओलांडत आली होती, तो घोरण्याचाच एक प्रकार होता.

तिने पुन्हा वाचायला घेतलं. आणि मग तिला पंखे दिसले. सतरंजीभर बांबूचे पंखे हलत होते, कोणाचा भराभर, कोणाचा आळसावून. ती वाचत गेली. एका जागी, घर सोडून निघालेल्या माणसाचं वर्णन होतं तिथे, मधल्या रांगेतली एक सून पंखा हलवायची थांबली. मग तिच्या बाजूची. मग पुढची एक म्हातारी, पंखा तसाच हवेत धरलेला. घामाचा थेंब कानाजवळून ओघळत होता आणि तिला त्याची शुद्ध नव्हती. प्रसंग सरला तसे पंखे एकेक करून पुन्हा हलू लागले.

वाचन संपलं, तीनदा 'साधु' म्हणून साधुकार झाला. बाया चपला शोधत होत्या तरी माया ग्रंथ मिटून बसूनच होती. वामनराव जाता जाता थांबले.

"दिसलं का?" त्यांनी विचारलं.

"तुमाले माहीत होतं?"

"मी पंख्यांकडेच पाहून वाचायचो. मला वाटलं, तूही तसंच करत असशील."

ठरल्या दिवशी ती स्टुडिओत गेली. गाद्यांची खोली तीच होती. पण या खेपेला तिने हुंकाराची वाट पाहिली नाही. गादीच्या जागी ती पंखे बघत होती, मनातले, निळ्या झालरीचे, लाल झालरीचे. जाळ्याच्या गाठीपाशी आली तेव्हा तिला वाटलं, सगळे पंखे थांबले. तिने ती गाठ सावकाश, वजन देऊन वाचली. कुत्र्याला मारलेल्या हाकेपर्यंत येता येता ती दमली होती, आणि हाक तिने सहज, घरच्यासारखी मारली.

विहंग दार उघडून म्हणाला, "ताई, आज मला काही कापावंच लागणार नाही."

ती घरी आली ती हलक्या पायांनी. आश्विनी पौर्णिमेला वर्षावास संपला. विहारात खीर वाटली गेली आणि ग्रंथ कापडात गुंडाळून ठेवला गेला. दुसऱ्याच दिवशी फोन आला.

"ताई, मधुवंतीताईंना मिळालं."

"कारण काही सांगतलं का?"

"कंपनी कारण नाही सांगत. नाव सांगते."

माया बरं म्हणाली, फोन ठेवला आणि पोळ्या लाटायला बसली. बळीरामने तिच्या पाठीकडे पाहूनच ओळखलं. त्याने जेवणाचा डबा मोरीत नेऊन ठेवला. मग म्हणाला, "मी त तुलेच दिलं असतं."

"तुमी कंपनी नाही ना."

"नाही ना. म्हणूनच त बस चालवून राहिलो."

ती हसली नाही. लाटलेली पोळी तिने पुन्हा गोळा करून लाटायला घेतली. बळीराम उठून बाहेर गेला.

हिवाळा तसाच गेला. भोंग्याची कामं आली, ती तिने केली. कोणाशी वाकडं बोलली नाही, पण मनात एक खुंटी ठोकलेली होती आणि तिच्यावर एकच गोष्ट टांगलेली: दुसऱ्या वेळी आपण तिच्याहून चांगलं वाचलं होतं. निदान गाठ तरी. मोठ्या घरची बाई, रेडिओचं नाव, म्हणून तिला दिलं. हे तिने कोणाला सांगितलं नाही, म्हणून ते कोणी खोडलंही नाही.

होळी झाली, उन्हं चढली. विहंगचा फोन आला. पेंचच्या काठच्या गावांतल्या लोककथांचं एक लहान पुस्तक होतं, कंपनीने मायाचं नाव सुचवलं होतं. आणि हो, ती कादंबरी आता ऐकायला मिळते, असंही तो बोलता बोलता म्हणाला.

"विचार करून सांगते," माया म्हणाली. फोन ठेवून ती तुळसाबाईंना म्हणाली, "मोठं पुस्तक मोठ्याले देलं. मले पोराटोरायच्या गोष्टी."

तुळसाबाई खाटेवर पंखा हलवत पडल्या होत्या. "ते बाई कशी वाचते, ते त ऐकव."

"राहू द्या, आई."

"ऐकव म्हन्तो ना. मले काय डोळ्यानं दिसते? कानाले त काही दे."

मायाने फोनवर कादंबरी काढली आणि मुद्दाम जाळ्याचं प्रकरण लावलं. मधुवंतीचा आवाज खोलीत आला. तुळसाबाईंनी पहिल्या परिच्छेदाला हुंकार दिला; आवाज थांबला नाही. दुसऱ्यालाही दिला. "थांबत नाही वं हे," त्या कुरकुरल्या. "गाडी पकडाची आहे का इले?"

मायाला बरं वाटलं. ते बरं वाटणं तिला फार वेळ पुरलं नाही. पार्बता जाळं मांडीवर ओढून घेत होती. मधुवंती गाठीपाशी आली. तिने त्या गाठीला काही केलं नाही. "ही गाठ उलटी होती," एवढं वाक्य तिने बाकीच्या वाक्यांसारखंच म्हटलं, साधं, किंचित खाली, एखादी बाई जुन्या कपाटातली वस्तू हाती लागल्यावर स्वतःशी बोलते तसं. आणि पुढे गेली.

तुळसाबाईंनी हुंकार दिला नाही. मायाने पाहिलं. निळ्या झालरीचा पंखा त्यांच्या छातीवर थांबला होता.

कुत्र्याच्या हाकेपाशी मात्र तो पुन्हा हलत होता. प्रकरण संपल्यावर तुळसाबाई म्हणाल्या, "बाई चांगली आहे." मग म्हणाल्या, "आता तुयं लाव."

"माझं कायले?"

"लाव वं."

विहंगने पाठवलेलं तिचं रेकॉर्डिंग फोनमध्ये होतं. इतक्या महिन्यांत तिने ते एकदाही ऐकलं नव्हतं. न ऐकताच ते चांगलं आहे हे तिला माहीत होतं. तिने लावलं. तुळसाबाई पंखा हलवत ऐकू लागल्या. गाठ आली. मायाचा आवाज तिथे रुंद झाला, एकेक शब्द उचलून दाखवू लागला, जसा दाराशी बसलेल्यांना दाखवतात. पंखा हलत राहिला. माया त्या पंख्याकडे बघत होती आणि तिला आपल्या आवाजात विहाराचं दार ऐकू येत होतं. त्या गाद्यांच्या खोलीत दाराशी बसलेलं कोणी नव्हतं, मागची रांग नव्हती. ऐकणारी एकच बाई होती, अगदी कानाशी.

मग अंधारून आलं आणि तिच्याच आवाजाने नदीवरच्या कुत्र्याला हाक मारली. पंखा थांबला.

थोड्या वेळाने तुळसाबाई म्हणाल्या, "आला का वं कुत्रा?"

"पुढच्या प्रकरणात येतो."

"मंग ठीक," म्हणून त्यांनी कूस बदलली.

संध्याकाळी मायाने मधुवंतीला फोन लावला. काय बोलायचं ते तिने ठरवलं नव्हतं. म्हणाली, "तुमचं जाळ्याचं प्रकरण ऐकलं. आमच्या आईचा पंखा थांबला."

"कसला पंखा?"

मायाने सगळं सांगितलं, विहार, हुंकार, जिजाबाईची झोप, सतरंजीवरचे पंखे.  

"मग कुठे थांबला नाही तेही सांगा," मधुवंती म्हणाली.

"सांगू?"

"सांगा हो. मला आजवर कोणी सांगितलंच नाही."

"कुत्र्यापाशी."

मधुवंती हसली. "मला कुत्रे आवडत नाहीत. इतकं कळतं का?"

"आमच्या आईले कळलं."

"त्यांना माझा नमस्कार सांगा," मधुवंती म्हणाली, आणि मग, "पुढचं काही वाचलं तर मी पाठवू का त्यांच्याकडे?"

"पाठवा. पण हुंकार देतात त्या. टेप थांबत नाही म्हणून कुरकुरतील."

दुसऱ्या दिवशी तिने विहंगला होकार कळवला. लोककथांचं पुस्तक घरी आलं. पातळ होतं, पण पहिलीच गोष्ट शिकारीला निघालेल्या राजाची होती. मायाने ती मनातल्या मनात वाचली नाही. पुस्तक मिटून ठेवलं. वाचायची तर तिथेच, पहिल्यांदा, म्हणाली.

स्टुडिओला निघताना तिने पिशवीत पाण्याची बाटली घातली, पुस्तक घातलं आणि खाटेवरचा निळ्या झालरीचा पंखा उचलला.

"कुठे नेऊन राहिली वं माया पंखा?" तुळसाबाईंनी विचारलं.

"कामाले."

"मंग मले उकडंन त?"

"कूलर लावून देते, आई. संध्याकाळी आणते परत."

गाद्यांच्या खोलीत तिने पंखा काढला तेव्हा विहंग काचेपलीकडून म्हणाला, "ताई, एसी आहे ना. वाढवू का?"

"वाऱ्यासाठी नाही."

तिने तो समोर, जिथे पूर्वी नुसती गादी दिसायची तिथे, दांड्यावर टेकवून उभा केला. झालर सारखी केली. विहंगने हात वर करून खूण केली. माया थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिली. तो जराही हलत नव्हता. मग तिने पान उघडलं आणि हळू आवाजात, समोर एकच माणूस बसलं असावं तसं, वाचायला सुरुवात केली.